आठव्या दिवसापर्यंत

नगर
९ ऑगस्ट १९७१

प्रिय वहिनी,

काल दुपारी दादा इस्पितळाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. कांद्याचं बी घ्यायला आलोय म्हणाला, पण हातात पिशवीसुद्धा नव्हती. समोरच्या हॉटेलात चहा घेतला तेव्हा बशीकडे बघत एवढंच बोलला, की पोरगी गेली. आठव्या दिवशी. दोन वर्षांपूर्वी पहिली गेली, तीही आठव्याच दिवशी. मग लगेच उठला आणि एसटी गाठायला निघाला. तो रडेल असं मला वाटलं होतं. रडला असता तर बरं झालं असतं.

मी तिथं असते तर तुझ्याजवळ नुसती बसले असते. तुला बोलायला भाग पाडलं नसतं, जेवायला मात्र पाडलं असतं. तुझा हट्टीपणा मला चांगला ठाऊक आहे. आईला सांग, मी बरी आहे, वर्गात नर्सबाईंची बोलणी रोज खाते आणि त्यावरच पोट भरतं.

हे पहिलं पान झालं. घरात वाचता येणारी तू एकटीच आहेस, म्हणून सांगते, इथपर्यंत आईला वाचून दाखव. दुसरं पान फक्त तुझ्यासाठी आहे.

वहिनी, गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डात पाथर्डीकडची एक बाई नऊ दिवसांचं मूल घेऊन आली. मूल दूध ओढत नव्हतं. जबडा आवळलेला, मुठी घट्ट. नुसतं दार वाजलं तरी अंग ताठ व्हायचं आणि पाठ मागे वाकायची. डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्या मुलींना खाटेभोवती उभं केलं आणि सांगितलं, हा धनुर्वात. नाळ कापतात त्या शस्त्रावरून, नाहीतर नाळेवर लावतात त्या राखेतून तो शिरतो, आणि सहाव्या-सातव्या दिवशी दिसायला लागतो. तोवर अंगणात पाचवीचं जेवण झालेलं असतं. ते मूल वाचलं नाही. मी तिथं उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतं, सुईणपण करणाऱ्या आपल्या आईचा विळा होता.

तुझ्या पोरीचं काय काय झालं ते मला लिहिशील? विचारायला धीर होत नाही, पण विचारते. कधी दूध सोडलं, अंग कसं झालं, नाळ कशानं कापली. रागाव, पण लिही.

तुझी,
विजू

—

बाभूळवाडी, पोस्ट मिरजगाव
२४ ऑगस्ट १९७१

विजूवन्सं यांस,

तुमचं पत्र पोचलं. पहिलं पान वाचून दाखवलं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि 'विजीला म्हनावं जेवत जा,' एवढंच बोलल्या. दुसरं पान मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं आहे.

राग आलाच. तीन दिवस वाटत होतं की तुमचं तोंड बघू नये. तुम्ही नगरला असल्यामुळे ते सोपं गेलं. चौथ्या दिवशी राग उतरला आणि त्या जागी भीती बसली, म्हणून लिहिते आहे.

पोरगी जन्मली तेव्हा चांगली ठणठणीत होती. सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढी रडली. सहाव्या दिवशी दुपारी मी तिला पाजायला घेतलं, तर तोंडच उघडेना. मला वाटलं झोपेत आहे. सातव्या दिवशी अंग ताठ व्हायला लागलं, तुम्ही लिहिलंय अगदी तसं. पहिलीचंही असंच झालं होतं. बायका म्हणाल्या, सटवाईनं पाचवीला कपाळावर लिहिलं ते कुणाला पुसता येतं का. मलाही ते मानायला बरं वाटलं.

विळा तोच, खुंटीवरचा. भाजी चिरायला त्याला कुणी हात लावत नाही. बाळंतपणाला निघताना सासूबाई तो राखेनं घासतात, धुतात, हळद लावतात. माझ्या पोरीच्या वेळी दोनदा घासला, घरची नात म्हणून. नाळेवर गोवरीची राख दाबून भरली. पाचवीला तो विळा सटवाईपुढे ठेवून ओवाळला.

आता तुम्ही सांगा मी काय करू. पोरगी गेल्यावर त्या बाईनं दोन दिवस पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिला जाऊन म्हणू का, की तुमच्या विळ्यानं गेली?

झुंबर

—

नगर
२ सप्टेंबर १९७१

प्रिय वहिनी,

तू रागावलीस म्हणून मला उलट बरं वाटलं. तू गप्प बसली असतीस तर मी घाबरले असते.

आईला काही म्हणायचं नाही. मला तरी ते जमणार नाही. तिनं मला नर्सिंगला धाडलं तेव्हा गावभर सांगत होती, माझंच काम करायला चाललीय, फक्त पांढऱ्या पातळात. त्या बाईला मी कसं लिहू? म्हणून एक युक्ती केली आहे. मिरजगावच्या गाडीवर राधाकृष्ण म्हणून कंडक्टर आहे, ओळखीचा. त्याच्याबरोबर पुडकं पाठवते आहे. त्यात दाढीची पाच ब्लेडं आहेत, कोरी, कागदातली. आईला सांग, इस्पितळानं सुईणींचा मान म्हणून पाठवलीत, आता नाळ ह्यानं कापायची. मान म्हटलं की ती नाही म्हणायची नाही.

ब्लेड आणि बांधायचा दोरा उकळत्या पाण्यात चांगला वेळ ठेवायचा. आईनं हात साबणानं धुवायचे. नाळेवर काहीही लावायचं नाही, राख नाही, हळद नाही, तेल नाही. विळा खुंटीवर राहू दे. त्याबद्दल एक शब्द काढू नकोस.

खोटं बोलायला शिकवते आहे खरी. नणंदेचं कामच ते.

तुझी,
विजू

—

बाभूळवाडी
२० जानेवारी १९७२

विजूवन्सं यांस,

दिवाळीला चार दिवस आलात आणि सासूबाईंसमोर बसून नुसत्या करंज्या खाल्ल्यात. एक अक्षर बोलला नाहीत. मला पत्रातून धीट व्हायला सांगता आणि स्वतः मांजरासारख्या चुलीपाशी बसता. ते असो, आता बातमी चांगली आहे.

मानाची गोष्ट बरोबर लागू पडली. सासूबाईंनी पुडकं कपाळाला लावलं. राख लावायची नाही म्हटल्यावर मात्र अडून बसल्या. राखेशिवाय नाळ वाळायची कशी, म्हणाल्या. तेव्हा मीही ठोकून दिलं, की राख लावली तर ह्या पात्याचं यश जातं, इस्पितळात सांगितलंय. ते पटलं. तुमच्या हाताखाली मीही खोटं बोलायला शिकले.

मार्गशीर्षात लंकाबाईला मुलगा झाला. तिची दोन मुलं आठवड्याच्या आत गेली होती, तुम्हाला माहीत आहे. ह्या वेळी सासूबाईंनी पातं उकळलं, दोरा उकळला, हात धुतले. सहावा दिवस गेला, सातवा गेला, आठवा गेला. मी रोज पाण्याला जाताना त्यांच्या दारावरून जायची, रडणं ऐकू आलं की घागर हलकी व्हायची. आता तो दीड महिन्याचा आहे आणि बापासारखा काळा न् गुटगुटीत आहे.

गावात सासूबाईंचा भाव फार वाढला आहे. शेजारच्या वाड्यांवरूनही बोलावणी येतात. म्हणतात, राहीबाईच्या हातात आता यशाचं पातं आहे.

माझ्या मनात मात्र एकच येत राहतं. ते पुडकं दोन महिने आधी आलं असतं तर. हे तुम्हालाच लिहिते, घरात कुणाला बोलत नाही.

झुंबर

—

नगर
७ फेब्रुवारी १९७२

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी वर्गातल्या तीन मुलींना वाचून दाखवलं. मांजराचा भाग गाळून.

लंकाबाईचं पोर जगलं हे ऐकून मी इथं एकटीच हसत होते. तुझ्या शेवटच्या ओळीवर रडलेही, ते सांगायची गरज नाही. पाचही ब्लेडं संपली की कळव, आणखी पाठवते. आईला म्हणावं, तुझी पोरगी सगळ्यांना सांगते की आमच्या घरी दोन सुईणी आहेत, त्यातली थोरली जास्त हुशार.

आता परीक्षा आहे. बरेच दिवस पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस.

तुझी,
विजू

—

बाभूळवाडी
६ ऑक्टोबर १९७२

विजूवन्सं यांस,

आठ महिन्यांनी लिहिते आहे. पाऊस नाही ते तुम्हाला तिथंही कळत असेल. सगळं गाव सडकेच्या कामावर खडी फोडतं. मीही जाते. आता दोन गोष्टी आहेत, एक सांगायची राहिलेली आणि एक सांगू नये अशी.

पहिली ही, की मला दिवस गेलेत. सहावा सरत आला. मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुमच्या दादांनाही चौथा लागल्यावर सांगितलं. दोनदा आनंद करून बघितला, ह्या वेळी गुपचूप राहून बघू म्हटलं. माहेरची माणसं दसरा झाला की ऊसतोडीला राहुरीकडे जाणार, त्यामुळे बाळंतपण इथंच, सासूबाईंच्याच हातानं.

दुसरी गोष्ट. मनकर्णाचा मुलगा गेला. भाद्रपदात झाला होता. ती नऊ महिने भरेपर्यंत खडी फोडत होती, तरी मूल चांगलं होतं. आठव्या दिवशी गेलं. जबडा, मुठी, पाठ, सगळं तसंच. मी स्वतः जाऊन बघून आले.

वन्सं, तुमचं सगळं पाळलं होतं. हात धुतले होते, राख लावली नव्हती. सासूबाईंनी पातंही तेच यशाचं नेलं होतं, लंकाबाईच्या पोराचं. ते त्या जिवापाड जपतात, पाचवीला पूजा करून हळदीच्या फडक्यात बांधून ठेवतात. कडेनं थोडं गंजून तांबूस झालंय, तरी लोक तेच मागतात. मध्ये दोन बाळंतपणं त्याच पात्यानं केली, दोन्ही पोरं धडधाकट आहेत. बाकीची चार कागदात तशीच आहेत, तेव्हा नवीन पाठवू नका. पाठवून काय उपयोग. एवढं यशाचं पातं असून मनकर्णाचं पोर गेलं, तर सटवाईचंच खरं म्हणायचं. तुमची पुस्तकं शहरातल्या पोरांसाठी असतील.

आता माझ्या पोटात हलतं तेव्हा मी हात लावत नाही.

झुंबर

—

नगर
१० ऑक्टोबर १९७२

वहिनी,

पत्र हातात पडल्यापासून मी ते पाच वेळा वाचलं. तुला वाटतं तसं सटवाईनं काही केलेलं नाही. चूक झाली आहे, आणि ती आधी माझी आहे.

ब्लेड एका बाळापुरतं असतं. एकदा नाळ कापली की ते फेकायचं. इथं वॉर्डात आम्ही दिवसभर इतक्या वस्तू फेकतो, की फेकायचं असतं हे सांगावं लागतं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी 'कोरी पाच' लिहिलं, 'दर बाळाला कोरं' लिहिलं नाही. वर मान म्हणून पाठवलं. मानाची वस्तू आई फेकेल तरी कशी? तू यशाचं म्हणालीस, तिनं यश जपून ठेवलं. जुन्या पात्यावर गंज आला, हळदीच्या फडक्यातली, कोनाड्यातली धूळ बसली, ते विष उकळूनही मरत नाही, आणि त्याचा पुन्हा विळाच झाला. मधली दोन पोरं वाचली ती नशिबानं. आपण दोघींनी तिला खरं सांगितलं नाही, ह्याची किंमत मनकर्णानं दिली. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

आता तुझं. खडी फोडणं आजपासून बंद. दादाला सांग, मुकादमाकडून पाणी वाटायचं काम मागून घे. मिरजगावच्या दवाखान्यात मी चिठ्ठी पाठवली आहे. तिथं जाऊन धनुर्वाताची सुई घे, आणि महिन्यानं दुसरी. ती गरोदर बाईला टोचतात आणि पोटातल्या पोराला राखण मिळते. विसरायचं नाही, टाळायचं नाही. जमलं तर बाळंतपणाला इथं ये.

सोबतचा दुसरा कागद आईसाठी आहे. ह्या वेळी काही गाळू नकोस. विळ्यापासून पात्यापर्यंत सगळं मी त्यात लिहिलं आहे, तिच्या दोन नाती कशानं गेल्या तेही. तिला बसवून शेवटपर्यंत वाच. मी तिथं यायला हवं होतं, पण तू म्हणतेस तसं मी चुलीपाशी बसून करंज्याच खाल्ल्या असत्या.

विजू

—

बाभूळवाडी
२९ ऑक्टोबर १९७२

विजूवन्सं यांस,

वाचलं. एक अक्षर गाळलं नाही.

सासूबाई रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी वाचत होते आणि त्यांची बोटं चालूच होती. संपलं तेव्हा म्हणाल्या, 'पुन्ना वाच.' पुन्हा वाचलं. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, 'पिठाच्या डब्याखालचे कागद आन आता.'

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणाल्या, 'कागद दोन्ही अंगानं भरून यायचा, न् तुझं वाचून हुयाचं चूल पेटायच्या आत. मला काय कळत न्हवतं व्हय? पर इचारायचं भ्या वाटायचं.' मग मी तुमची सगळी पत्रं पहिल्यापासून वाचली. तुम्ही माझी पत्रं परत पाठवलेली नाहीत, तेव्हा मी काय लिहिलं होतं ते तोंडी सांगितलं. माझ्या पोरीच्या वेळी विळा दोनदा घासला हे सांगितलं तेव्हा त्या उठून गोठ्यात गेल्या.

तीन दिवस गोठ्यातच काम काढून बसल्या. तुमच्या दादांनी विचारलं, आजारी आहेस का, तर नुसती मान हलवली. चौथ्या दिवशी सकाळी कानिफनाथाच्या घरून बोलावणं आलं, त्याच्या सुनेला कळा लागल्या होत्या. सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, 'मी न्हाई येत. माझ्या हातात इख हाय.'

बोलावणं घेऊन आलेला माणूस दारातच उभा होता. मी पोटावर हात ठेवून उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हणाले, 'मग माझ्या टायमाला कोन येनार?'

सासूबाईंनी वळून माझ्या पोटाकडे पाहिलं. मग उठल्या. कागदातलं एक पातं घेतलं, साबण घेतला. मी मागोमाग गेले. पाणी उकळायला मीच ठेवलं. मुलगी झाली, छान रडली. नाळ कापून झाली आणि सासूबाई पातं हातात धरून तशाच बसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'ह्यानं येक जीव मोकळा केला. ह्याला उकिरड्यावर कसं टाकू?'

वन्सं, फेका म्हणून तुम्ही लिहिलंत, मीही वाचलं, पण कुठं फेकायचं ते आपण दोघींनी विचारात घेतलं नव्हतं. उत्तर त्यांनीच काढलं. अंगणाच्या कोपऱ्यात बाळामागून पडलेली वार पुरायला खड्डा खणला होता. त्यात वार ठेवली, तिच्यावर ते पातं ठेवलं आणि स्वतःच्या हातानं माती ओढली. म्हणाल्या, 'ज्याचं त्याच्यासंगं गेलं. हे पातं ह्या पोरीचं हुतं, दुसऱ्याचं न्हवंच.' कानिफनाथाच्या बायकोनं कुंकू वाहिलं. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

पाचवीला सटवाईपुढे काय ठेवायचं, हा पुढचा घोळ. विळा तर बाद झाला होता. तेव्हा सासूबाईंनी कानिफनाथाला मिरजगावला पाठवून कोरं पातं आणवलं आणि कागद न काढता तेच पूजेत ठेवलं. ते आता पुढच्या बाळंतिणीचं. ज्याच्या घरी मूल होईल त्यानं पाचवीला पुढच्या मुलासाठी कोरं पातं द्यायचं, असा त्यांनी नेमच घालून दिला आहे. कागद आधी फोडला तर ते चालणार नाही, हेही सांगितलंय. हे मात्र मी शिकवलेलं नाही.

आणखी एक. आठव्या दिवशी त्या न सांगता कानिफनाथाच्या अंगणात जाऊन बसल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, की सुईणीची पाचवीला ओटी भरली की तिचं काम सरतं, पुन्हा त्या घरी जायची रीत नाही. 'तीस वर्सं मी पाचवीचं जेवून घरी आले. आठव्याला काय हुतंय ते मला कुनी सांगत न्हवतं, न् मीबी इचारत न्हवते.' कानिफनाथाची नात दूध पिते आहे.

पहिली सुई टोचून घेतली. दंड दोन दिवस ठणकत होता. पाणी वाटायचं काम मिळालं आहे. नगरला मात्र येणार नाही. माझं बाळंतपण सासूबाईंनीच करायचं असं मी ठरवलं आहे. ते का, हे मला लिहिता येत नाही, पण तुम्हाला कळेल.

झुंबर

—

नगर
१९ जानेवारी १९७३

वहिनी,

डिसेंबरात दुसरी सुई घेतल्याचं कळलं, त्यानंतर काही नाही. माझ्या हिशेबानं दिवस भरून आठवडा होत आला. रोज टपाल आल्यावर फाटकाशी जाते. आज राधाकृष्णाला गाठून विचारलं, तर तो म्हणतो बाभूळवाडीचं कुणी गाडीला आलंच नाही. चांगलं असो, वाईट असो, दोन ओळी लिही. मी इथं दुसऱ्यांच्या पोरांची नाळ बघते आणि लक्ष लागत नाही म्हणून बोलणी खाते. आईनं हात धुतले ना? कोरं पातं होतं ना? मला माहीत आहे की होतं. तरी लिही.

विजू

—

बाभूळवाडी
२१ जानेवारी १९७३

विजूवन्सं यांस,

तुमचं कार्ड काल आलं. मला आधीच लिहायचं होतं, पण सासूबाईंनी कागद-पेन उचलून फडताळावर ठेवलं होतं. आठवा दिवस सरेपर्यंत कुणाला काही कळवायचं नाही, म्हणाल्या. काल तो सरला. आज सकाळी त्यांनीच कागद आणून पुढ्यात ठेवला.

मुलगी झाली. भोगीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला. बाजरीच्या भाकरी तव्यावर होत्या आणि तुमच्या दादांना त्या उतरवायचंही सुचलं नाही, सगळ्या करपल्या. सासूबाईंनी हात कोपरापर्यंत धुतले, दोनदा धुतले. पातं उकळताना भांड्यापाशी स्वतः बसल्या, दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. कागद फोडायच्या आधी माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, 'बघ, कोरं हाय न्हवं?' मी हो म्हटलं. मला तेव्हा बोलण्याचंही बळ नव्हतं, पण त्यांना माझं हो ऐकायचं होतं. नंतर ते पातं वारेबरोबर जमिनीत गेलं.

सहाव्या दिवसापासून सासूबाई खाटेजवळून हलल्या नाहीत. सारख्या मला पाजायला लावायच्या. पोरीचं पोट भरलेलं असायचं, ती वैतागायची, मीही वैतागायची. सातव्या दिवशी ती जरा जास्त वेळ झोपली तर मी तिला उठवायला घाबरत होते. सासूबाईंनी हात धुऊन करंगळी तिच्या तोंडात घातली. पोरीनं झोपेतच ती ओढायला सुरुवात केली. सासूबाई किती तरी वेळ तशाच वाकून उभ्या होत्या. कंबर दुखेल म्हटलं तर म्हणाल्या, 'दुखू दे.'

काल आठव्याला संध्याकाळपर्यंत पोरगी चार वेळा रडली, प्रत्येक वेळी भुकेनं. सासूबाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि एकट्याच मनकर्णाकडे गेल्या. मी अडवलं नाही. काय बोलल्या ते मला आज मनकर्णानंच येऊन सांगितलं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, तुझं पोर माझ्या हातातल्या जुन्या पात्यानं गेलं, सटवाईनं न्हाई. तुला काय बोलायचं ते बोल. मनकर्णानं दार लावून घेतलं. सासूबाई अंगणातच बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं तिनं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. मग ती त्यांना वाटेपर्यंत सोडायला आली. आज इथं आली तेव्हा तिनं पोरीला मांडीवर घेतलं. मला कसंतरी झालं, पण मी दिली. ती पोरीची मूठ उघडून बघत होती, बोटं मोकळी होतात का म्हणून.

हे पत्र राधाकृष्णाबरोबर पाठवते, म्हणजे तुम्हाला आजच मिळेल. रजा मागा. नर्सबाई नाही म्हणाल्या तर पाया पडा. बुधवारी पोरीचं बारसं आहे.

शेजारची दगडाबाई म्हणते, तिसरी आहे, नाव माझ्यासारखं काहीतरी ओबडधोबड ठेवा, म्हणजे सटवाई ढुंकून बघणार नाही. तिच्या आईनं तिचं ठेवलं तसं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, 'न्हाई. हिला कुनाच्या भ्यानं नाव ठेवायचं न्हाई. हिची आत्या शिकल्याली हाय, ती चांगलं नाव घिऊन यील.'

वन्सं, तुम्ही ह्या घरात तिसऱ्यांदा आत्या झालात. पहिल्या दोघी बाराव्या दिवसापर्यंत थांबल्याच नाहीत, त्यांच्या कानात तुम्हाला काही सांगता आलं नाही. पाळणा तुमच्या दादांनी काल लंकाबाईकडून आणून बांधला आहे. पोरगी त्यात झोपली आहे. नाव घेऊन या.

झुंबर